शेवयांचे पार्सल कुठवर जाते?

पारनेर तालुक्यातून माणसे मुंबईला गेली आणि त्यांच्यामागे पिशव्याही जात राहिल्या. बाजरी, हुलगे, कुरडया, शेवया. गावाहून निघालेला माणूस शेजारच्या दोन घरांच्या पिशव्या सोबत नेई. पुढे त्या एसटीने जाऊ लागल्या. कधी पोचणार, कोण उतरवून घेणार, भाडे कोणाकडे, हे सारे तोंडी ठरे. आता त्याच शेवया मोबाइलवरून विकल्या जातात आणि तोंडी ठरणाऱ्या गोष्टी पडद्यावरचे रकाने भरून ठरवाव्या लागतात. ऑनलाइन दुकान उघडणाऱ्या घरगुती विक्रेत्याला हा भाग किरकोळ वाटतो. फोटो, नाव, किंमत यांवर तास घालवायचे आणि 'डिलिव्हरी संपूर्ण भारत' या पर्यायावर पटकन बोट ठेवायचे, असा बहुतेकांचा क्रम. नफा-तोटा मात्र बऱ्याचदा त्या एका बोटावर ठरतो.

रमजानमध्ये हे लवकर कळते. शेवयांची मागणी चार आठवड्यांत एकवटते आणि तिची शेवटची तारीख चंद्रावर अवलंबून असते. शीरखुर्मा ईदच्या सकाळचा. दुसऱ्या दिवशी आलेले पार्सल ग्राहक दारातच नाकारतो. पैसे पोचल्यावर देण्याची सोय ठेवली असेल, तर नाकारलेल्या मालाच्या परतीचा खर्चही बहुधा विक्रेत्याच्याच माथी येतो. गिऱ्हाईक मिळावे म्हणून 'एका दिवसात रवाना' असे लिहिलेले असते. पण शेवया उन्हात वाळाव्या लागतात, हात घरातलेच असतात आणि रोजे असलेल्या घरात सहरीपासून इफ्तारपर्यंतच्या कामाचा वेग वेगळा असतो. या महिन्यापुरते रवानगीचे दिवस वाढवून ठेवावेत आणि ईदच्या आठ-दहा दिवस आधी लांबच्या ऑर्डरी बंद कराव्यात. चार ऑर्डरी कमी येतील, पण परत येणारी पार्सले त्याहून महाग पडतात.

दुसरा फटका वजनाचा. कुरिअरवाले केवळ तराजू पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5000 ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडे त्यावर लागते. शेवया हलक्या, पण जागा खाणाऱ्या. 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात दोन किलो शेवया भरल्या, तरी भाडे 4.8 किलोचे. 'मोफत डिलिव्हरी' लिहिण्याआधी हा गुणाकार केला, तर पाकिटाचा आकार आपोआप बदलतो.

मात्र सर्वांत मोठी अडचण अंतराची नाही, राज्याच्या सीमेची आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठांवर जीएसटी नोंदणीशिवाय माल विकता येतो. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा वर्षाला 40 लाख रुपयांच्या उलाढालीची. पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, एवढेच. अट एक: विक्री राज्याच्या आतच हवी. म्हणजे पारनेरचे पार्सल गडचिरोलीला बिनदिक्कत जाते. त्याहून कितीतरी जवळच्या बेळगावात, मराठी बोलणाऱ्या घरात, जात नाही. करपात्र मालाचे एक पाकीटही सीमेपलीकडे गेले की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, शेवयांना नाही.

गंमत पापडाची. पापडावर जीएसटीच नाही. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, त्यामुळे पापडवाली इंदूरलाही पाठवू शकते आणि शेजारची शेवयावाली, जिच्या मालावर 5 टक्के कर आहे, ती अडते. दोघींचा पाट एक, ऊन एक, गिऱ्हाईकही बहुधा तेच. नोंदणी आता सोपी झाली आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून लहान करदात्यांना ती तीन कामाच्या दिवसांत मिळण्याची सोय आहे. पण खरे ओझे नोंदणीनंतरच्या विवरणपत्रांचे, त्यासाठी नेमाव्या लागणाऱ्या माणसाच्या फीचे आणि पहिल्या रुपयापासून, अगदी गावातल्या विक्रीवरही, लागणाऱ्या कराचे असते.

देशाबाहेरचा रकाना उघडला की आणखी एक प्रश्न येतो: तिकडची जकात कोण भरणार? मराठीतली ही 'जकात' आणि रमजानमध्ये काढली जाणारी जकात, दोन्हींचे मूळ अरबी शब्दात एकच. फरक इतकाच की दुसरी कोणी आणि कशावर द्यायची याबद्दल देणाऱ्याला शंका नसते. परदेशी पार्सलांचे तसे राहिलेले नाही. 2016 पासून अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय आत जात असे. ती सवलत 29 ऑगस्ट 2025 ला सर्व देशांसाठी थांबली. वसुली कोणी आणि कशी करायची हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे बंद केले आणि 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले, ते जाहीर किमतीच्या 50 टक्के जकात इथेच आगाऊ भरून घेत. दर पुढे बदलत राहिले, सवलत परत आली नाही. मधल्या सात आठवड्यांत नवरात्र आणि दसरा येऊन गेले. दिवाळीला जेमतेम पाच दिवस उरले होते. फराळ पाठवणाऱ्या घरांसाठी हंगामच संपला.

युरोपीय संघही त्याच वाटेने निघाला आहे. 150 युरोखालील मालाची सवलत काढून 1 जुलै 2026 पासून अशा मालाच्या प्रत्येक प्रकारावर 3 युरो आकारण्याचे त्याने ठरवले आहे. अडीचशे रुपयांच्या शेवयांवर त्याहूनही जास्त जकात!

मग पाकिटावर 'भेटवस्तू' लिहायची युक्ती सुचवली जाते. विकलेल्या मालाला भेट म्हणणे ही खोटी घोषणाच. माल अडकला तर विमा नाही, दाद नाही. कुरआनातील 83व्या सूरहचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. सीमाशुल्काच्या फॉर्मवरचे मापही त्याच जातीचे. सरळ मार्ग कठीण असला तरी बंद नाही. 500 रुपयांत आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो आणि देशभरातील हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रांतून टपालाने माल पाठवता येतो. अमेरिकेत विक्रीचे खाद्यपदार्थ पाठवताना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना मात्र द्यावी लागते.

तेव्हा तालुक्यातल्या घरगुती विक्रेत्याने आधी महाराष्ट्रच उघडावा, परदेश 'विचारून' या सदरात ठेवावा आणि जकात घेणाऱ्याकडे आहे हे ऑर्डरीआधी मराठीत, ठळक लिहावे. उरलेले काम जीएसटी परिषदेचे. राज्याच्या आत 40 लाखांपर्यंत विश्वास ठेवता येत असेल, तर सीमेपलीकडे वर्षाला एक-दोन लाखांच्या विक्रीपुरता तरी तो ठेवायला काय हरकत आहे? नोंद तर बाजारपेठेकडे पार्सलागणिक असतेच.