विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग चांगला चालणारा पीसी भंगारात टाकायचा का?

माझ्या मामाचं सांगली जिल्ह्यात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. २०२५ च्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याने विचारलं, "अरे, हा कॉम्प्युटर सारखा सांगतोय, सपोर्ट संपला म्हणून. बंद पडणार का आता?" एका दुकानदाराने त्याला नवीन पीसीचं ४२ हजारांचं कोटेशनही देऊन ठेवलं होतं.

तुमच्याही घरी किंवा क्लासमध्ये असा एखादा पीसी असेलच. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

नेमकं झालं काय?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ पीसी बंद पडत नाही. फक्त सुरक्षेचे नवीन अपडेट येणं थांबतं.

मग विंडोज ११ का टाकत नाही? कारण त्याच्या अटी. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मामाचा पीसी सहाव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. विंडोज ११ ची रॅमची अट फक्त ४ जीबीची. म्हणजे ताकद आहे, पण यादीत नाव नाही!

अपडेट नसले तर काय बिघडतं?

विंडोज १० आणि ११ मधला बराच कोड सारखा आहे. ११ मधलं एखादं भोक बुजवलं, की तो अपडेट तपासून हल्लेखोरांना कळतं की भोक कुठे होतं. तेच १० मध्ये उघडं राहिलं असेल तर काम सोपं.

२०१७ चं वॉनाक्राय आठवतंय? मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये पॅच दिला होता, हल्ला मे महिन्यात झाला. पॅच न टाकलेली मशीन सापडली आणि ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामंसुद्धा अडली.

सोपा पर्याय: एक वर्षाची मुदतवाढ

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट जाहीर केले. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ते फुकट मिळतात. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. पण ही योजना घरगुती पीसीसाठी आहे, दुकानासाठी नाही. आणि मुदत संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न.

मग लिनक्स? इथे खरी अडचण आली

लिनक्स मिंट फुकट आहे. त्याची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेईल. मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, मिंट टाकलं, पीसी पळायला लागला. मामा बघून म्हणाला, "छान आहे, पण माझ्या पत्रिका कुठायत?"

त्याच्या सगळ्या फाइल पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, फक्त विंडोज आणि मॅकसाठी. वर मजकूर जुन्या मराठी फॉण्टमध्ये. हे फॉण्ट युनिकोड नाहीत. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉण्ट त्यांना फक्त मराठी चेहरा देतो. तो फॉण्ट नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी नुसता कचरा दिसतो. वीस वर्षांचं काम असं अडकलेलं.

उपाय: पीसीच्या पोटात पीसी

इथे व्हर्च्युअल मशीन कामी आलं. व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर पीसीतली थोडी रॅम आणि डिस्क वेगळी काढून एक खोटा कॉम्प्युटर तयार करतं. सुरुवातीला ते चालेचना, अर्धा तास गेला. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद होता! तो चालू केल्यावर त्यात विंडोज १० टाकलं, ४ जीबी रॅम दिली आणि मामाकडच्या परवान्याने ॲक्टिव्हेट केलं. (परवाना लागतोच, व्हर्च्युअल असलं म्हणून सुटका नाही.)

मग सगळ्यात महत्त्वाचं काम केलं: सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टर बंद. आपोआप मिळणाऱ्या 'नॅट' मोडमध्ये आतलं विंडोज इंटरनेटवर जाऊ शकतं. 'ब्रिज्ड' मोडमध्ये तर ते तुमच्या वायफायवर वेगळं मशीन म्हणूनच दिसतं. दोन्ही नकोत. अडॅप्टरच नसेल तर नेटवरून आत शिरायला वाट राहत नाही.

फाइलची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून होते, त्याला नेटवर्क लागत नाही. मामा आत पत्रिका बनवतो, पीडीएफ काढतो आणि बाहेर मिंटमधून प्रिंट किंवा व्हॉट्सॲप करतो. पेनड्राइव्हवरून आलेली फाइल मात्र अजूनही जपूनच उघडावी लागते.

हिशोब काय सांगतो?

एसएसडीचा खर्च आणि माझे दोन दिवस, एवढ्यात काम झालं. ४२ हजार वाचले. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम महागली. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी चालती ८ जीबी रॅम भंगारात देणं परवडणारं नाही.

पण खरं सांगू? प्रत्येक मामाला इंजिनिअर भाचा नसतो. यादीत बसत नाही म्हणून चांगली मशीन बाद होतात, तेव्हा भुर्दंड छोट्या दुकानदारालाच बसतो. म्हणून हे कौशल्य तुम्ही शिका. सुरुवात आपल्याच पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मिंट टाकून करा. बिघडलं तर डिलीट करायचं, मूळ पीसीला काही होत नाही.

आणि हो, हातातला फोनही याच रांगेत आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल, तर मामाचा प्रश्न तुमचाही आहे.