फिल्टर बदलून टाकी साफ होत नसते!

भोकरदन असो की मंठा, जुना ट्रॅक्टर झटके मारायला लागला की आपलं ठरलेलं: फिल्टर बदला, नाहीतर पंपावरच्या डिझेलच्या नावानं बोंब मारा. पण टाकीचा तळ कोणी पाहिला का?

पेरणी उरकली की ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभा. टाकीतल्या दमट हवेचं रात्री गारव्यानं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. पत्रा गंजतो, पाण्यावर जंतू वाढतात, काळा चिकट गाळ धरतो. तोच गाळ ऐन हरभऱ्याच्या पेरणीत फिल्टर चोंदवतो. पाणी पुढं गेलं तर पंप-नोझलचं काम निघालंच.

म्हणून आधी टाकीखालचा ड्रेन बोल्ट खोला. निघालेला गाळ भांड्यात धरा, विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका. टाकी उतरवून डिझेलनंच धुवा. फिल्टर त्यानंतर बदला, एअर काढा. उभा करताना टाकी भरून ठेवा.

पैसे अडकतात म्हणता? अडकतात, बुडत नाहीत. ते डिझेल रब्बीला कामी येतं. बुडतात ते नोझलमध्ये.

सांगा बरं, तुमचा ड्रेन बोल्ट शेवटचा कधी खोलला होता?