एक टोंचणी पुरे काय ?

"एकदां लस टोंचली, आतां पुन्हां कशाला ?" असें पुष्कळ पालक आम्हांस विचारितात, आणि टोंचणीच्या दिवशीं एरवीं धीट असणारे कांहीं विद्यार्थी नेमके गैरहजर राहतात! दोघांसही आम्ही नम्रपणें सांगूं इच्छितों कीं, पुन्हां टोंचण्याचें कारण आपल्या शरीराच्या रचनेंतच आहे.

लस टोंचल्यावर कधीं कधीं काखेंत अवधाण येतें. त्या गांठींत त्या वेळीं जणूं एक शाळाच भरलेली असते. तिचें नांव जर्मिनल सेंटर, म्हणजे अंकुरकेंद्र. येथें बी नांवाच्या पेशी झपाट्यानें वाढतात व आपल्या प्रतिद्रव्याच्या घडणींत थोडथोडा फेर करितात. कोणाचें प्रतिद्रव्य लशींतील द्रव्यास अधिक घट्ट धरतें, याची मग परीक्षा होते. परीक्षक असतात सहाय्यक टी पेशी. योग्य ठरलेल्या पेशींस त्या निकट स्पर्शानें व सायटोकाइन नांवाच्या प्रथिनरूप निरोपांनीं उत्तेजन देतात. इ. स. २००० मध्यें उजेडांत आलेलें इंटरल्यूकिन-२१ पेशींस वाढण्यास व पुढें प्रतिद्रव्यें स्रवण्यास प्रवृत्त करितें. इंटरल्यूकिन-४ त्यांस तग धरण्यास साह्य करितें व प्रतिद्रव्याचा वर्ग बदलण्याची सूचना देतें. ज्यांस हें साह्य मिळत नाहीं, त्या बहुतेक पेशी मरून जातात. ही परीक्षा कडक असते तेंच बरें. कारण अपात्र पेशींस उत्तेजन मिळालें, तर शरीर स्वतःवरच उलटण्याचें भय असतें.

हें शिक्षण एका दिवसाचें नव्हे. त्यास कित्येक आठवडे लागतात. त्यांतून स्मरण ठेवणाऱ्या पेशी तयार होतात, आणि पुढील टोंचणी ही त्यांची उजळणी होय. म्हणूनच आपल्या देशांत घटसर्प व धनुर्वात यांवरील लस बाळास ६, १० व १४ व्या आठवड्यांत दिल्यावरही पुढें दीड वर्षाच्या सुमारास, पांच-सहा वर्षांच्या वयांत, आणि १० व्या व १६ व्या वर्षीं पुन्हां देतात.

यांतील शेवटच्या दोन टोंचण्या शाळेच्या वयांतल्याच आहेत, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. मैदानावर पायांत खिळा रुतला म्हणजे तयारीस वेळ उरत नाहीं. धनुर्वाताचें विष एकदां मज्जातंतूंत शिरलें कीं प्रतिद्रव्य तेथें त्यास गांठूं शकत नाहीं. आणि त्या रोगांतून वांचलेल्यासही लशीवांचून त्याविरुद्ध खात्रीचें संरक्षण लाभत नाहीं.

उजळणीवांचून पाठ पक्का होत नाहीं, हें आम्ही वर्गांत नित्य सांगतों. शरीराच्याही पाठास पालकांनीं तोच नियम लावावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.