वरात कोणाच्या दारावरून जाणार?

माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलंय. फुकेतला. थायलंडमध्ये, समुद्राकाठच्या रिसॉर्टवर, तीन दिवस. पाहुणे सत्तर. त्यात आमच्या घरचे अठरा, बाकी मुलीकडचे आणि दोघांच्या कंपनीतले. अठरांच्या यादीत माझं नाव आहे. आत्याचं नाही.

दादा बेंगळुरूला व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत आहे, मी याच शहरात समाजशास्त्रात पीएचडी करते. रविवारी त्याच्याकडे मटण असतं, मी जाते. गेल्या महिन्यात जेवता जेवता म्हणाला, "पासपोर्टचा फोटो पाठव. तुझं तिकीट माझ्याकडे लागलं. आपल्या घरातली पहिली डॉक्टर आहेस तू, तू पाहिजेसच." मी विचारलं, आत्या? तर म्हणाला, "तिच्याकडे पासपोर्ट कुठाय. आणि तिथलं जेवण तिला जमायचं नाही. व्हिडिओ कॉल लावू ना, मोठ्या स्क्रीनवर."

आत्या सोलापूरला बुधवार पेठेत राहते. चाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. दादाच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी तिच्या गळ्यातलं गहाण ठेवून भरली होती. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला गेली की मशीन तिला ओळखत नाही, पानं कातरून कातरून बोटांच्या रेषाच गेल्यात. आधारवर तिचं एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. जन्मतारीख दोन्हीकडे 1 जून, फक्त साल वेगळं. पासपोर्टची फी पंधराशे रुपये आहे, ती आम्ही कुणीही भरली असती. अडचण फीची नाहीच. ही नावं आणि सालं जुळवायला तिच्याबरोबर कुणीतरी चार-सहा वेळा रांगेत उभं राहायला हवं होतं. लग्न आठ महिन्यांपूर्वी ठरलंय.

विभागात हे बोलले तेव्हा एक मैत्रीण लगेच म्हणाली, "किती वायफळ खर्च! आम्ही तर रजिस्टर लग्न केलं, वीस माणसं, संपलं." तिच्या आजोबांचं घर मल्लेश्वरमला आहे. तिला वीस माणसांत लग्न करून कुणाला काही दाखवायचं नव्हतं, कारण तिच्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. साधेपणा हीसुद्धा चैन असते आणि ती ज्याच्या तीन पिढ्यांची पोटं भरलेली असतात त्याला आधी परवडते. तिच्याशी मी भांडले. खर्चावरून दादाला बोलायचा हक्क मी तिला देणार नाही.

याच शहरात नोव्हेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीला जेमतेम आठवडा झालेला असताना, माजी मंत्री आणि खाणमालक गाली जनार्दन रेड्डी यांनी पॅलेस ग्राउंड्सवर मुलीचं लग्न केलं. आमंत्रणाच्या खोक्यात एलसीडी पडदा होता. खर्चाचा आकडा पाचशे कोटींपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. लोक हसले, चिडले, पण ती उधळपट्टी एका माणसाची धरली गेली. "ह्या लोकांना पैसा कळत नाही" असं त्यांच्या अख्ख्या जातीबद्दल कुणी म्हणालं नाही. आमच्यातल्या एकाने कर्ज काढून बॅन्क्वेट हॉल घेतला तरी ते वाक्य तयार असतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये परदेशातल्या लग्नांबद्दल बोलून देशाचा पैसा देशात राहावा असं सांगितलं. माझी तक्रार तीही नाही. आमच्या आजोबांच्या फुकट राबणुकीचा पैसा देशातच राहिला होता, तो आमच्यापर्यंत आला नाही.

खर्चाचं आणि जातीचं नातं समजून घ्यायचं तर बाबासाहेबांच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'ची सुरुवातीची पानं पुन्हा काढावीत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रेहून आला आणि त्याने आपल्या लोकांना जेवण घातलं. पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण हिंदू लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. हे 1936 चं. त्याआधी 1928 मध्ये इंदूरकडच्या बलाई लोकांवर घातलेली बंधनंही तिथेच आहेत: जरीकाठी पगडी घालायची नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, सवर्णांच्या लग्नात वाजवायला मात्र जायचं. म्हणजे आमच्या ताटातलं तूप आणि आमच्या बाईच्या गळ्यातलं सोनं हा कधीच आमचा खाजगी मामला नव्हता. आणि जुलै 2018 मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात, निजामपूरला, एका दलित नवरदेवाची वरात पोलिसांच्या गराड्यात निघाली. ठाकुरांच्या वस्तीवरून वरात नेण्यासाठी तो त्याआधी अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता.

आमच्या विषयात या सगळ्याला एक तयार शब्द आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 साली कूर्गवरच्या पुस्तकात 'संस्कृतीकरण' मांडलं: खालची जात वरच्या जातीचे रीतिरिवाज उचलते आणि वर सरकू बघते. श्रीनिवास नंतर याच बेंगळुरूत राहिले, इथे त्यांचं नाव आजही आदराने घेतात. एम.ए.ला हा शब्द मी पाठ केला, त्यावर चांगले मार्कही मिळवले. पण चकवाऱ्याचं तूप त्यात बसत नाही. त्या माणसाला कुणासारखं व्हायचं नव्हतं, त्याला त्याच्या लोकांना चांगलं जेवायला घालायचं होतं.

म्हणून दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो म्हणतो, "आजोबा पाटलाच्या लग्नात उकिरड्यापाशी बसायचे, उष्ट्या पत्रावळ्यांची वाट बघत. मी त्यांचा नातू. मी समुद्रासमोर खुर्ची टाकून बसणार. तुला का टोचतं?" मला टोचत नाही. ऐकताना घसा दाटून येतो. फक्त एकच विचारायचं आहे. तू ही खुर्ची टाकतोयस कुणासमोर?

निजामपूरच्या वरातीला अर्थ होता, कारण ती त्याच रस्त्यावरून गेली ज्या रस्त्यावर तिला मनाई होती. अडवणारे दारात उभे होते, त्यांनी ती जाताना पाहिली. फुकेतच्या वाळूवर आम्हाला कुणी कधी अडवलंच नव्हतं. तिथल्या वेटरला आमची जात ठाऊक नाही. तिथे पाटील नसणार, पाटलाचा नातू नसणार. आणि जिने आजोबांना उकिरड्यापाशी बसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, ती घरातली एकुलती एक हयात साक्षीदार, आत्या, तीही नसणार. ज्यांना दाखवायचं ते नाहीत, ज्यांनी बघायचं तेही नाहीत. मग राहिलं काय? कंपनीतले बारा सहकारी आणि एक ड्रोन कॅमेरा.

गावात वरात काढली असती तर? घोडा, हलगी, बँजो, वेशीपासून पाटलाच्या वाड्यावरून विहारापर्यंत. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, हजार पानं. सगळं मिळून फुकेतच्या एका दिवसाचाही खर्च झाला नसता. भीतीही वाटली असती, हे कबूल. कदाचित आम्ही फुकेत निवडतो ते त्या भीतीमुळेच, आणि या भीतीची मला चेष्टा करायची नाही. पण मग त्याला अभिमान म्हणू नये.

दादाचा दुसरा मुद्दा असा की थायलंड हा बौद्धांचा देश, आपण धम्माच्या भूमीत लग्न करतोय. मी कार्यक्रमपत्रिका मागवली. हळद, मेहंदी, संगीत, कॉकटेल, पूल पार्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते दहा त्रिशरण-पंचशील. बौद्धाचार्यांना यादीत जागा नाही, दादाचा मित्र मोबाइलवर बघून म्हणणार. पाचवं शील म्हणून झालं की बारा वाजता बार उघडतो. प्रत्येक कार्यक्रमाला कपड्यांचा रंग ठरलेला, पांढरा फक्त समुद्रावरच्या फोटोला. बाबासाहेबांची तसबीर माझ्या काकाच्या बॅगेतून जाणार आहे, काच फुटू नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून.

साधेपणाचा आमचा स्वतःचा वारसा आहे, तो त्या मैत्रिणीकडून शिकायची गरज नाही. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्या लग्नातून भट काढला, मुहूर्त काढला, दक्षिणा काढली. आपली माणसं काढली नाहीत. उलट भटाशिवाय लागलेलं लग्न खरं की खोटं याची साक्ष द्यायला चार माणसं जास्तच लागत होती. दादाच्या लग्नात खर्च वाढला आणि माणसं गळाली. कुणाला "येऊ नको" म्हणावं लागलं नाही. पासपोर्ट, रजा, इंग्रजी आणि कपडे, या चार चाळण्यांनी ते काम परस्पर केलं. शिवता-शिवत कशी चालायची हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे नीट बघावं: तोंडाने काही न बोलता माणूस बाहेर ठेवण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही. फक्त या वेळी यादी आपल्या हातात आहे.

आता माझ्याबद्दल. माझ्याकडे पासपोर्ट आहे, एका परिषदेसाठी काढला होता. एम.ए.च्या पदवीदानाला दोन पास मिळाले तेव्हा मी आई-पप्पांना नेलं. आत्याचा विषय माझ्याही डोक्यात आला नव्हता. गाऊनमधला फोटो पाठवला, तिने तो शेजारणीला दाखवला. त्या चाळणीतून मी केव्हाच वर आलेय, म्हणून तर मला तिकीट मिळतंय. दादाला आत्या अडचणीची वाटते आणि मी शोभेची, पण दोघींचं मोजमाप एकच आहे. फेलोशिपचे सदतीस हजार महिनोन्‌महिने अडकतात, तेव्हा हाच दादा माझं भाडं भरतो. त्याला नाही म्हणणं मला सोपं नाही, आणि हे लिहून झाल्यावर रविवारचं मटण मिळेल की नाही तेही माहीत नाही.

तुमच्यातल्या अनेकांना आज ना उद्या अशी पत्रिका येईल. काहीजण स्वतःच छापाल. छापा. पैसा तुमचा, घाम तुमचा. फक्त यादी करायला बसाल तेव्हा ज्यांच्या गहाणावर शिकलात त्यांच्यापासून सुरुवात करा आणि जागा नंतर ठरवा. आम्ही आधी रिसॉर्ट ठरवला, मग त्यात मावतील तेवढी माणसं घेतली.

बेंगळुरूहून फुकेतला विमानाने चार-साडेचार तास. 2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली. सोलापूरला उद्यान एक्सप्रेसने अख्खी रात्र लागते.

परवा दादाला फोन करून सांगितलं की मी येत नाहीये. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "आत्यामुळे?" मी हो म्हटलं. सोलापुरात एक पंगत घाल, आत्याच्या गल्लीत, मी आठ दिवस आधी येऊन राबते, असंही म्हटलं. "बघू," म्हणाला. "सुट्टी उरत नाही गं."

त्या तीन दिवसांसाठी मी सोलापूरचं तिकीट काढलंय. स्लीपर, वेटिंग 23.