चार हजार शब्दांचं मेरिट

फेलोशिप रखडली, म्हणून मागच्या वर्षी आयबी डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीची शिकवणी घेतली. सतरा वर्षांची ती ४००० शब्दांचा शोधनिबंध लिहीत होती. विषय तिनेच निवडलेला, मार्गदर्शक शाळेने दिलेला. ‘संशोधन प्रश्न’ हा शब्द मी पहिल्यांदा एम.ए.ला ऐकला, आणि त्याचा अर्थ विचारायची हिंमत झाली नाही.

१९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला हा अभ्यासक्रम वाईट नाही. चांगला आहे, हीच अडचण. ४५ पैकी ४२ गुण सहा विषयांचे. उरलेले ३ या निबंधाचे आणि ज्ञान म्हणजे काय, या विषयाचे. खासगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागा आठवीला संपतात, डिप्लोमा अकरावीला सुरू होतो. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत आपण अडखळलो की समितीला त्यात मेरिटचा अभाव दिसतो. सरावाचा दिसत नाही.

एवढा निबंध लिहून घ्यायला जिनिव्हाची परवानगी लागत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या अकरावीच्या मुलांकडूनही तो लिहून घेता येईल. तो वाचणारा शिक्षक मात्र हवा, आणि त्याला पगार हवा.

डिप्लोमात ‘सेवा’ही सक्तीची असते. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत मोठ्या शाळांची मुलं रविवारी शिकवायला यायची, फोटो काढून जायची. या मुलीनेही एका वस्तीतल्या अनुभवावर टिपण लिहिलं होतं. ‘त्यांच्याकडे काही नसूनही ते आनंदी होते.’ मी तशाच वस्तीतून आलेय, हे तिला ठाऊक नव्हतं. मी ते वाक्य खोडलं आणि कारण लिहायला सांगितलं. त्या तासाचे पैसे मात्र घेतले.