दिवस लहान, साखळी आखूड

मार्गशीर्ष-पौषातील दिवस लहान असतात, ही तक्रार जुनीच आहे. अलीकडे तिच्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. ‘थंडीच्या दिवसांत कुत्र्याला फिरवायला वेळच मिळत नाही’ हे वाक्य आता केवळ मुंबई-पुण्याचे राहिलेले नाही. दोंडाईचासारख्या गावांच्या नव्या वसाहतींतही ते सर्रास ऐकू येते. शिक्षकाच्या किंवा बँक कर्मचाऱ्याच्या फाटकाआड साखळीला बांधलेला अल्सेशियन अथवा लॅब्राडोर हे दृश्य आता अपूर्वाईचे नाही. विषय किरकोळ वाटेल. परंतु वेळ या मर्यादित साधनाची वाटणी कशी होते आणि तिच्यातील तूट कोणाच्या माथी मारली जाते, हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम तक्रारीची बाजू पाहू. आपल्या अक्षांशावर जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसाच्या मानाने डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे अडीच तासांनी कमी असतो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते आणि दोंडाईचा तिच्या बरेच पश्चिमेस आहे. त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे अर्धा तास चालतो. जानेवारीत तो सातनंतर उगवतो आणि सहाच्या आगेमागे मावळतो. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कचेरीची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. धुळ्याला किंवा नंदुरबारला अप-डाऊन करणारा कारकून उजाडल्यानंतर तासाभरात घर सोडतो आणि अंधार पडल्यावर परततो. सकाळच्या सत्रात शिकविणाऱ्या शिक्षकाची पहाट तर दिव्याच्या उजेडातच सरते. तेव्हा तक्रार अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही.

तथापि ती पूर्ण खरीही नाही. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्याच देशाचा नियम असा की, दिवसा कुत्र्याला किमान दर सहा तासांनी बाहेर नेलेच पाहिजे. तेथील माणसे बर्फातून, अंधारातून कुत्र्यांना फिरवतात. आपल्याकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी बर्फ पडत नाही. वस्तुतः अंधाराची अडचण माणसाची आहे, कुत्र्याची नव्हे. मंद उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते. म्हणजे टंचाई प्रकाशाची नसून हिशेबाची आहे.

हा हिशेब कुत्रा घरी आणतानाच चुकतो. पिल्लाची किंमत, लसीचा आणि खाण्याचा खर्च आपण रुपयांत मोजतो. वेळेचा खर्च मात्र कोणत्याच रकान्यात मांडत नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले की, कोणत्याही उपभोगाची खरी किंमत पैसा आणि वेळ मिळून होते. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास धरला, तरी वर्षाला ३६५ तास होतात. आठ तासांच्या कामाच्या दिवसांत मोजल्यास ते पंचेचाळीस दिवसांहून अधिक भरतात. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. एवढे कर्ज कोणी न वाचता सही करून घेत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ते सहज घेतले जाते.

मग हप्ते कोण फेडते? पुष्कळदा घरातील स्त्री. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. हौस एकाची आणि वेळ दुसऱ्याचा, अशी ही उधारी आहे. जेथे तिच्याकडेही वेळ उरत नाही, तेथे कुत्राच हप्ता भरतो, साखळीच्या लांबीत.

ही जनावरे बसून राहण्यासाठी घडलेली नाहीत. अल्सेशियन मूळचा मेंढ्या राखणारा. आपल्या धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांचे कुत्रे आजही कळपाबरोबर मैलोन्मैल चालतात. मळ्यातला राखणदार कुत्राही दादर-हरभऱ्याच्या बांधावरून मोकळा हिंडतो. त्यांना कोणी ‘फिरवत’ नाही, कारण चालणे हेच त्यांचे काम. आपण काम काढून घेतले आणि चालणेही काढून घेतले. बांधलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, चिडतो, एखाद्या दिवशी चावतो. मग त्याला गावाबाहेर सोडून देण्याचा विचार सुरू होतो.

येथे कायदा काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. त्याला वाऱ्यावर सोडणे हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये! पासष्ट वर्षांत रुपयाचे मोल कोठल्या कोठे गेले, दंड तेथेच राहिला. एवढ्या स्वस्त गुन्ह्याला कायदा आवर घालील, ही अपेक्षा व्यर्थ होय. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांतून मोकाट कुत्री हटविण्याचा आदेश दिला. त्या मोकाट कुत्र्यांत घरातून हाकललेल्याची भर घालणे म्हणजे स्वतःचा खर्च गावावर ढकलणे होय.

उपाय अवघड नाहीत. कुत्रा आणण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने आपला वार आणि वेळ ठरवावी. ठरत नसेल तर कुत्रा आणू नये. ज्यांनी आणला आहे, त्यांनी पहाटेची वीस मिनिटे आणि जेवणानंतरची वीस मिनिटे, हातात विजेरी आणि मजबूत पट्टा घेऊन, त्याला द्यावीत. उरलेली भरपाई शनिवार-रविवारच्या उन्हात करावी. शेजारच्या होतकरू विद्यार्थ्याला योग्य मोबदला देऊन हे काम सोपविण्यातही कमीपणा नाही. नगरपरिषदेने वसाहतींतील मोकळ्या जागा खरोखर मोकळ्या ठेवल्या आणि पथदिवे चालू ठेवले, तर त्याचा लाभ कुत्र्यांइतकाच वृद्धांना आणि मुलांनाही होईल.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. परंतु दिवस वाढला म्हणून साखळी आपोआप लांब होत नाही. ती सोडण्यासाठी कोणाला तरी उठावेच लागते.