संकासुराला 'बार्ड' म्हणू नका!

टेबलाभोवती बसून खेळायचे 'रोल-प्लेइंग गेम' आता आपल्या पोरांना नवीन राहिलेले नाहीत. एकजण कथा चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, संवाद तिथल्या तिथे रचतात, आणि वार बसला की हुकला ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला तेव्हा त्यात पात्रांचे तीनच 'क्लास' होते: लढवय्या, जादूगार आणि देवाच्या नावाने जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. पुढच्याच वर्षी चोर आला. २०१४ च्या आवृत्तीत मूळ पुस्तकातच बारा क्लास झाले.

इतके खास क्लास हवेत कशाला, हे या खेळातले जुने भांडण. काहीजण म्हणतात, मोजके ढोबळ प्रकार ठेवा आणि वरून हवा तो पोशाख चढवा. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने तर क्लासच काढून टाकले. आपल्या मातीतला खेळ करायचा म्हटले की हाच शहाणपणा पुढे येतो. संकासुर हवा ना? मग तयार 'बार्ड' घ्या, त्याला काळे कपडे घाला, झाले!

झाले? काहीच झालेले नाही!

मुळात 'क्लास'ला मराठी शब्द शोधत हिंडायची गरज नाही. आपल्या रंगभूमीने तो केव्हाच दिला आहे: 'पार्ट'. राजापार्ट, स्त्रीपार्ट! दशावतारी नट लेखी संहिता पाठ करून रंगमंचावर येत नाही. आख्यान ठाऊक असते, पार्ट ठरलेला असतो, संवाद उभ्या उभ्या सुचतात. राजापार्टवाल्याला आपण कसे उभे राहायचे, काय बोलायचे नाही, हे पक्के माहीत असते, म्हणूनच तो रात्रभर बोलू शकतो. चौकट नट बांधते म्हणणाऱ्यांनी एकदा जत्रेला पहाटेपर्यंत जागावे. पार्ट जितका नेमका, तितकी जीभ मोकळी.

आता बार्ड काय करतो? गातो, सोबत्यांना हुरूप देतो, थोडी जादू, थोडी तलवार. आणि आमचा संकासुर? वेद पळवणारा हा राक्षस आडदशावतारात नखशिखांत काळा होऊन येतो आणि थेट सूत्रधारालाच अडवतो. सूत्रधार मराठीत विचारतो, हा बोलीत भलतेच उत्तर देतो. शब्दाचा मुद्दाम वाकडा अर्थ काढतो, गावातल्या बड्यांना चिमटे काढतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. तो कोणाला हुरूप देत नाही. तो प्रश्न विचारतो!

या पार्टाचे नियम करायचे तर ते असे व्हायला हवेत. संकासुराला खेळात एकदा, कथा चालवणाऱ्याचेच वाक्य मध्ये तोडून त्याचा अर्थ फिरवायचा हक्क. लढाईत मात्र बळ बेताचे. आणि त्याचा शेवट पहिल्यापासून ठरलेला, तो टाळता येणार नाही. बार्डला काळे कपडे घालून यातले काय मिळते? काहीही नाही.

नुकसान केवळ खेळाचे नाही. मराठी की कोंकणी यावर गोव्यात आपण किती डोकी फोडली! पण सूत्रधार आणि संकासुर दोन्ही भाषा एका मंचावर समोरासमोर उभ्या करतात, आणि प्रेक्षकाला दोन्ही कळतात. बार्ड केला की पहिली जाते ती हीच जुगलबंदी.

हे दुखणे गोव्यापुरतेही नाही. सौंसरजवळचे लोधीखेडा पाहा. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून हे गाव नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. त्या पट्ट्यातही आपल्यासारखेच: मराठी बोलायची आणि राज्याची भाषा वेगळी. शेजारी नागपूर-भंडाऱ्याकडे खडी गंमत, तिच्यात बाईचा वेष घेऊन नाचणारा नाच्या. आता ढोबळ क्लासवाल्यांना विचारा, नाच्याला कुठे बसवाल? तो गातो-नाचतो, म्हणजे पुन्हा बार्डच! म्हणजे पेडण्याच्या पोराचा संकासुर आणि लोधीखेड्याच्या पोराचा नाच्या यांत फरक उरला तो फक्त कपड्यांचा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. 'ठरलेला पार्ट म्हणजे जातच की!' हो, आपल्या देवळांतले मानपान कोणत्या घराण्याने काय करायचे ते जन्मावर ठरवतात, आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पार्ट म्हणजे जात नव्हे. दशावतारात पुरुषच नेसतो आणि राणी होतो, पहाटे दहीहंडी फुटली की रंग पुसून घरी जातो. जो घेता येतो आणि उतरवता येतो तो पार्ट, जो उतरत नाही ती जात. टेबलावर तर कोणीही कोणताही पार्ट घ्यावा. संकासुर मुलीने करावा, आणि तोही सांतानच्या फ्रान्सिसच्या वंशजाने करावा की आणखी कोणी, हे विचारणाराच मुळी नसावा.

१९८० च्या 'डिइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात आपल्या इंद्रालाही आकड्यांत बसवले आहे, किती घाव सोसेल ते लिहून. परक्यांनी देव मोजले, त्याबद्दल रागावण्यापेक्षा आपण आपले पार्ट लिहून काढू या, एकेका गावचा, एकेका नियमाचा. फासे कोणत्याही देशाचे चालतील. संकासुर मात्र आपलाच हवा, आणि अख्खा हवा!